पंधराशे पंचाहत्तर समित्या आल्या कुठून?

*मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात ९६ होते. आता लातूरला रूम करून राहते. बाकी धडे जमतात, पण परम्युटेशन-कॉम्बिनेशन आलं की हातपाय गळतात. सूत्रं तोंडपाठ आहेत. पी कुठे लावायचा आणि सी कुठे, हे कळत नाही. अंदाजाने लावते, निम्म्या वेळा चुकतं. सर सांगतात, अरेंजमेंट असेल तर पी, सिलेक्शन असेल तर सी. पण गणितात तसं लिहिलेलंच नसतं! त्याहून वाईट म्हणजे माझी रीत मला बरोबर वाटते आणि उत्तर भलतंच येतं. एक नमुना पाठवते. ७ पुरुष, ६ स्त्रिया, त्यांतून ५ जणांची समिती करायची, किमान ३ पुरुष हवेत. मी आधी ३ पुरुष निवडले, मग उरलेल्या १० जणांतून कुणीही २ घेतले. उत्तर आलं १५७५. पुस्तकात ७५६ आहे. क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, ‘ही पद्धत नाही.’ पण का नाही? हा धडा ऑप्शनला टाकू का?*
*– लातूरहून एक गोंधळलेली*

पोरी,

ऑप्शनला टाकू नकोस. पुढे द्विपद प्रमेय आणि संभाव्यता याच धड्याच्या खांद्यावर बसून येतात, म्हणजे एक धडा टाकलास की तीन टाकल्यासारखे होतील. हे एवढ्यावर संपवते, कारण तुझा खरा प्रश्न ‘का नाही’ हा आहे आणि तो फार चांगला आहे.

तुझं गणित मी तुझ्याच रीतीने करून पाहिलं. ७सी३, म्हणजे सातांतून तिघे निवडण्याचे प्रकार, ३५. तसंच १०सी२ म्हणजे ४५, गुणाकार १५७५. आकडेमोडीत कुठेही खोट नाही. ही चूक मी नोकरीभर वह्यांत बघत आले, आणि ती बहुतेक वेळा डोकं चालवणारी मुलंच करतात. घोकंपट्टीवाले ‘केस वन, केस टू’ मुकाट उतरवून मोकळे होतात. तेव्हा ‘ही पद्धत नाही’ एवढ्यावर तुझं समाधान झालं नाही ते बरंच झालं. खऱ्या समित्या ७५६ असतील तर वरच्या ८१९ आल्या कुठून, याचा हिशेब कुणीतरी द्यायलाच हवा.

तो देण्याआधी समिती लहान करू. दोन पुरुष, अ आणि ब. एक बाई, क. दोघांची समिती हवी, किमान एक पुरुष हवा. बोटांवर मोजता येतं: अब, अक, बक. तीन. आता तुझी रीत लावू. आधी एक पुरुष, २ प्रकारे. मग उरलेल्या दोघांतून कुणीही एक, २ प्रकारे. उत्तर चार. चौथी समिती कोणती? लिहून काढ. अ घेतला, मग ब. अ घेतला, मग क. ब घेतला, मग अ. ब घेतला, मग क. पहिली आणि तिसरी एकच आहे! ‘अ आणि ब’ ही समिती तू दोनदा मोजलीस, ‘अ आणि क’ मात्र एकदाच.

आता मोठ्या समितीकडे ये. ज्या समितीत बरोबर ३ पुरुष आणि २ स्त्रिया आहेत, ती तुझ्या रीतीने एकदाच तयार होते, कारण ‘आधीचे तीन’ कोण यात निवडीला वावच नाही. अशा समित्या ३५ × १५ = ५२५. समितीत ४ पुरुष असतील, तर त्या चौघांतले ‘आधीचे’ तीन कोणते हे ४ प्रकारे ठरतं, म्हणून तीच समिती चारदा मोजली जाते. खऱ्या अशा समित्या ३५ × ६ = २१०, तुझ्या मोजणीत ८४०. आणि पाचही पुरुष असतील तर पाचांतले आधीचे तीन १० प्रकारे ठरतात. खऱ्या २१, तुझ्याकडे २१०. कर बेरीज. ५२५ अधिक ८४० अधिक २१०. आले ना पंधराशे पंचाहत्तर? आणि खऱ्यांची बेरीज ५२५ अधिक २१० अधिक २१, म्हणजे ७५६. पैन् पै जुळली.

तुझ्या नकळत तू समितीत दोन जाती पाडल्यास, आधी आलेले तीन आणि मागाहून आलेले दोन. समितीला तसा भेद माहीतच नाही. गणित जर असं असतं, की ३ पुरुष विश्वस्त नेमा आणि उरलेल्यांतून कुणीही २ साधे सभासद घ्या, तर १५७५ हेच उत्तर बरोबर होतं. तू चुकीचं गणित बरोबर सोडवलंस म्हण ना!

यातूनच सांगते, की ‘पी की सी’ हा प्रश्न आधी विचारूच नकोस. दुसरा विचार. एक तयार झालेली वस्तू हातात घे. समिती असेल, संख्या असेल, बसण्याची रांग असेल. तिच्याकडे बघ आणि विचार, की माझ्या रीतीने ही नेमकी हीच वस्तू किती वेळा तयार होऊ शकते? एकदाच होत असेल तर तुझं उत्तर पक्कं. प्रत्येक वस्तू सारख्याच वेळा होत असेल, म्हणजे प्रत्येक दोनदा किंवा प्रत्येक सहा वेळा, तर तेवढ्याने भाग. आणि एखादी एकदा, एखादी चारदा, एखादी दहादा होत असेल, जशी तुझी समिती, तर भागून उपयोग नाही. रीतच बदल.

सी कुठून आला बघ. गणेश मंडळात १० जण आहेत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडायचे. अध्यक्ष १० प्रकारे, मग सचिव ९ प्रकारे, मग खजिनदार ८ प्रकारे, एकूण ७२०. निकाल हातात घे: अमुक अध्यक्ष, तमुक सचिव. हा एकदाच मोजला गेलाय. संपलं. आता त्याच दहांतून वर्गणी मागायला तिघांना पाठवायचं आहे, पदं कुठलीच नाहीत. तशीच रीत लाव, ७२० येतील. पण वर्गणी मागणारं एक त्रिकूट हातात घे. तिघांची नावं कोणत्याही क्रमाने पुकारली तरी त्रिकूट तेच, म्हणजे ते ६ वेळा मोजलं गेलं. प्रत्येक त्रिकुटाचं हेच. म्हणून ७२० भागिले ६, म्हणजे १२०. यालाच पुस्तक १०सी३ म्हणतं. पी आणि सी एकाच घरातले, मधे फक्त एक भागाकार.

भागाकाराची तुला भीती वाटत असेल तर ‘रबर’ हा शब्द घे. र, ब, र. तीन अक्षरं, म्हणून ६ मांडण्या, असं म्हणावंसं वाटतं. एक ‘र’ लाल पेनने लिही, दुसरा निळ्याने, आणि सहाही मांडण्या लिहून काढ. आता त्याच पानाची साधी काळीपांढरी झेरॉक्स काढलीस असं समज. लाल-निळा भेद गेला. उरतात फक्त तीन: ररब, रबर, बरर. प्रत्येक दोनदा आलेली दिसेल. सहा भागिले दोन. अक्षरं पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची सगळी गणितं या झेरॉक्सवरच चालतात. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘महाराष्ट्र’ घे: ११ अक्षरं, त्यांत ए चार, एच दोन, आर दोन. ११! (म्हणजे ११ पासून १ पर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार) ला ४! × २! × २! ने भागायचं, ४,१५,८०० येतात. आणि सगळे स्वर एकत्र हवेत म्हटलं, तर चार ए एका दोऱ्यात बांध. तो एक गठ्ठा आणि सात व्यंजनं, आठ वस्तू, त्यांत एच दोन आणि आर दोन. ८! भागिले ४, म्हणजे १०,०८०. गठ्ठ्याच्या आतल्या मांडणीने गुणायचं का, हे तू स्वतःच ठरव; चार सारख्या ए आपापसांत जागा बदलून काय दिवे लावणार!

आता माझी फजिती सांगते. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. प्रॅक्टिकलसाठी ६ मुलांच्या ३ जोड्या किती प्रकारे करता येतील, असं गणित मी फळ्यावर घेतलं. पहिली जोडी ६सी२, म्हणजे १५. दुसरी ४सी२, म्हणजे ६. तिसरी एकच. नव्वद! खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, मी सगळ्या लिहून काढल्या. पंधराच होतात.” मी त्याला म्हटलं, नीट बघ, राहिल्या असतील. त्याने वही आणून टेबलावर ठेवली. पंधराच होत्या, एकही राहिलेली नव्हती. मी ‘पहिली जोडी, दुसरी जोडी’ असे नंबर दिले होते आणि जोड्यांना नंबर नव्हतेच. तीन जोड्यांचा क्रम ६ प्रकारे लागतो, ९० भागिले ६, पंधरा. तीन जोड्या तीन वेगळ्या टेबलांवर, एक पेंडुलमवर, एक भिंगावर, एक मीटर ब्रिजवर बसवायच्या असत्या, तर मात्र माझे नव्वद बरोबर होते. त्या मुलाला तेव्हा सूत्र येत नव्हतं. लिहून काढायचा कंटाळा नव्हता, एवढंच. तेव्हापासून फळ्यावर कोणतंही सूत्र लिहिण्याआधी मी लहान आकडे घेऊन यादी करायला लागले.

‘गणितात तसं लिहिलेलंच नसतं’ या तुझ्या दुसऱ्या अडचणीचं मूळ मला गणितात नाही, भाषेत दिसतं. मराठीतून शिकलेल्या मुलीला अकरावीत प्रश्न इंग्रजीतून येतात आणि या धड्यात एकेका शब्दावर सगळा डोलारा असतो. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ही पाठ करून भागतं. खरा दगा देतं ते ‘नो टू’. पाच मुलगे आणि तीन मुली एका रांगेत बसवा, नो टू गर्ल्स टुगेदर. पुष्कळ मुलं काय करतात? एकूण मांडण्या ८!, म्हणजे ४०,३२०. त्यांतून तिन्ही मुली एकत्र असलेल्या ६! × ३!, म्हणजे ४,३२० वजा. उत्तर ३६,०००. हे उत्तर आहे ‘तिघीही एकत्र नकोत’ याचं. त्यात दोघी शेजारी आणि तिसरी लांब, हे चालून जातं. प्रश्न म्हणतोय, कुठल्याही दोघी शेजारी नकोत. त्यासाठी आधी पाच मुलग्यांना बसव, १२० प्रकारे. त्यांच्या मधे आणि दोन्ही टोकांना मिळून ६ फटी पडतात. पहिली मुलगी ६ फटींपैकी कुठेही, दुसरी ५, तिसरी ४. एकूण १२० × १२० = १४,४००. म्हणून प्रश्न वाचलास की आधी वहीत त्याचं मराठी कर, आईला सांगतेस तसं. लाजायचं कारण नाही.

आणि मराठी केलंस की एक फायदा आपोआप होतो. वाक्यात ‘मग’ आला की गुणाकार, ‘नाहीतर’ आला की बेरीज. ‘३ पुरुष घेईन, मग २ स्त्रिया, नाहीतर ४ पुरुष, मग १ स्त्री, नाहीतर पाचही पुरुष.’ तुझं ७५६ या एका वाक्यात आहे बघ.

अटी असल्या की सुरुवात कुठून करायची, हेही घरचंच शहाणपण आहे. जुन्या लग्नात पंगतीत आधी विहिणीला बसवत, बाकीची मंडळी कुठेही बसत. तसं जिथे अट कडक, ती जागा आधी भर. अंक पुन्हा न वापरता चार अंकी सम संख्या किती? डावीकडून सुरुवात केलीस तर ९, ९, ८ असं छान चालतं आणि एककाच्या घरापाशी गाडी रुतते, कारण सम अंक किती शिल्लक राहिले ते माहीत नाही. इथे विहिणी दोन आहेत: एककाचं घर, आणि हजाराचं घर, जिथे शून्य चालत नाही. एककाला शून्य बसवलं तर पुढे ९ × ८ × ७ = ५०४. नाहीतर (आला बघ ‘नाहीतर’) एककाला २, ४, ६, ८ पैकी एक, मग हजाराला शून्य आणि तो अंक सोडून ८, मग ८, मग ७: ४ × ८ × ८ × ७ = १,७९२. एकूण २,२९६.

गोल टेबलाची गणितं वाटतात तेवढी अवघड नाहीत. सहा जण गोल बसले आणि सगळे एकेक खुर्ची सरकले तर मांडणी तीच, म्हणजे प्रत्येक ६ वेळा मोजली गेली, ७२० भागिले ६, १२०. वेगवेगळ्या सहा मण्यांची माळ उलटीही करता येते, म्हणून आणखी २ ने भाग, ६०. झालं.

पाच पत्रं तीन पेट्यांत टाकण्याचं गणित मात्र दर वर्षी निम्मा वर्ग बुडवतं. ३ चा पाचवा घात की ५ चा तिसरा? इथे विचार, ठरतं कुणाचं? एक पत्र एकाच पेटीत जातं, त्याचं एकदा ठरलं की ठरलं. पेटीचं तसं नाही, तिच्यात पाचही जातील किंवा एकही जाणार नाही. म्हणून पत्राला विचारायचं, बाबा तू कुठे जाणार? पाच पत्रं, प्रत्येकाला ३ वाटा, २४३.

तुझे हातपाय गळतात त्यात नवल नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, या मांडणीच्या प्रकरणाला नावच ‘अंकपाश’ दिलंय, आणि पाश म्हणजे फास! त्यांचं उदाहरण बघ. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं हातांत आलटून पालटून दिली तर किती मूर्ती होतील? ३६,२८,८००. आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म? चोवीस. घरी आजोबा संध्या करत असतील तर केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं तू ऐकली असशील. मूर्तिशास्त्रात या चोवीस मूर्ती ओळखायच्या त्या कुठल्या हातात काय आहे यावरूनच. दहाव्या शतकातला मूर्तिकार असो की अकरावीतली मुलगी, चार वस्तूंच्या मांडण्या चोवीसच. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण इथे ४! नुसता आकडा राहत नाही, प्रत्येक मांडणीला नाव आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. कधी गेलीस तर बघून ये.

आता कामाचं. आठ दिवस सूत्रांचा कागद घडी घालून ट्रंकेत ठेव. रोज पाचच गणितं घे, पंचवीस नको. प्रत्येकाला आधी मराठीत एक वाक्य, ‘मग’ आणि ‘नाहीतर’ घालून. मग आकडे लहान करून यादी, दोन-तीन वस्तूंचीच. यादी आणि तुझी रीत जुळली तरच मोठे आकडे घाल. पहिल्या दिवशी एका गणिताला वीस मिनिटं लागतील आणि शेजारची रूममेट तेवढ्यात दहा सोडवेल. सोडवू दे. सीईटीच्या पर्यायांत १५७५ सारखा आकडा मुद्दाम पेरलेला असतो, आणि आपलं उत्तर पर्यायांत सापडलं की पुन्हा तपासायला कुणी थांबत नाही. तू थांब.

एक गणित सोबत पाठवते. तुझ्या रूमवरच्या आणि शेजारच्या मिळून सहा मैत्रिणी. दोन रिक्षा ठरवल्यात, प्रत्येकीत तिघी. किती प्रकारे बसाल, वीस की दहा? उत्तर पाठवशील तेव्हा दोन्ही रिक्षा कुठे चालल्या होत्या, तेही लिही.